गुरुवारचा नवरा, रविवारची बायको

लग्नानंतर मला सासूचा जाच झाला नाही, नणंदांचा झाला नाही. मला छळलं ते वीकली ऑफने. आमचे हे कंपनीत, त्यांची सुट्टी गुरुवारी. पिंपरी-चिंचवडकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारचीच. त्या दिवशी आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, माझी सुट्टी रविवारी. म्हणजे मी घरी तेव्हा हे मशीनपाशी, आणि हे घरी तेव्हा मी फळ्यापाशी. त्यात ह्यांच्या शिफ्टा. दिवाळी आणि घरातली लग्नं सोडली, तर दिवसाउजेडी नवरा मला धड दिसलाच नाही म्हणा ना.

आणि दोघांनाही वेड कशाचं, तर सिनेमाचं! तेही मारामारीच्या नाही हं, प्रेमाच्या. जुन्या, संथ, खिडकीत उभं राहून एकमेकांची वाट बघणाऱ्या. कासारवाडी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं एक थिएटर होतं, तिथे मॅटिनीला कायम जुने पिक्चर लागायचे. शुक्रवारी लागायचा, पुढच्या गुरुवारी उतरायचा. मी शेजारणींना घेऊन रविवारी जायची आणि हे गुरुवारी, अगदी शेवटच्या दिवशी. पिक्चर एकच, नवराबायको दोघं, आणि मध्ये अख्खे तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी तोंडाला कुलूप लावून बसायचं, शेवट सांगायचा नाही, हा आमचा करार. पोटात गोष्ट ठेवून भाकऱ्या थापणं किती अवघड असतं ते मला विचारा. गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आले की आमची बोलणी सुरू व्हायची, ती ताटं वाळेपर्यंत. ‘ती जिन्यावरनं वळून बघते ते पाह्यलंस का?’ असं हे विचारायचे आणि मी पाहिलेलं असायचं. पण शेजारी बसून पाहिलेलं नसायचं, ती एक हुरहुर कायम होती.

मग तो पिक्चर लागला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका साध्या माणसाचा आणि त्याच्याकडे चांगलं चालणारं घड्याळ मुद्दाम बंद पाडून आणणाऱ्या मुलीचा. तो लागणार म्हणून शाळेच्या स्टाफरूममध्ये आधीपासूनच आठवडाभर त्याच्याशिवाय दुसरा विषय नाही. मी रविवारची वाट बघत होते, आणि नेमकी त्याच रविवारी माझी पोलिओच्या बूथवर ड्यूटी लागली! सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिंबाखाली बसून रडणाऱ्या पोरांच्या तोंडात थेंब घालत होते. घरी आले ती पाय सुजवून आणि तोंड फुगवून. रागाने जेवलेसुद्धा नाही.

‘अगं, रडतीस काय,’ हे म्हणाले. हे इथल्याच जुन्या घरातले, बोलणं अजून मावळातलं. ‘म्या गुरुवारी बघून येतो आन् तुला समदा सांगतो. डिट्टो.’

त्या आठवड्यात ह्यांची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी होती. गुरुवारी सकाळी शिफ्ट सुटली, आंघोळ केली आणि मॅटिनीला गेले. थर्ड शिफ्टची बरीच माणसं तशी जायची. संध्याकाळी मी घरी आले तर स्वारी ओट्यावर बसलेली, चेहरा कसा टवटवीत, डोळे ताजे. मला वाटलं, चांगल्या सिनेमाची ही कमाल!

आणि सांगितला हो त्यांनी तो पिक्चर! अहाहा! दुकानातली घड्याळं टिकटिकतात ती जिभेने वाजवून दाखवली. तिच्या साडीचा रंग, काउंटरवर झोपलेलं मांजर, हीरो भिंगातून तिच्याकडे बघतो आणि लाजतो ते, सगळं. इंटरव्हलनंतर काय, तर तिचे वडील तिला घेऊन दूरच्या गावी जातात. हीरो गावोगाव शोधत फिरतो. वर्षं जातात. ती तिकडे एका शाळेत बाई झालेली असते. एके दिवशी शाळेसमोर घड्याळाचं नवं दुकान निघतं. ती रस्ता ओलांडून जाते, पर्समधून तेच जुनं घड्याळ काढते आणि काउंटरवर ठेवते. तो कानाला लावतो आणि म्हणतो, ‘हे तर चालू हाय.’ ती म्हणते, ‘ठाऊक आहे.’

‘आन् शेवटी,’ हे म्हणाले, ‘तो दुकानाच्या दाराला पाटी लावतो. रविवारी बंद.’

‘रविवारी का?’

‘तिला रविवारची सुट्टी नसती व्हय? मास्तरीण हाय ना ती.’

मी ढसाढसा रडले. घासलेलं भांडं हातात तसंच. आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की हा पिक्चर मी बघणार. बघणार तो मोठ्या पडद्यावर, आणि तुमच्या शेजारी बसून. नाहीतर बघणारच नाही, आणि तोवर तुमच्याबरोबर दुसराही कुठला नाही. हे म्हणाले, बघू की. पण माझा हट्ट म्हणजे काय चीज आहे, ते ह्यांना तोवर पुरतं कळलं नव्हतं.

पिक्चर उतरला तो उतरलाच. आमच्या थिएटरला काही परत आला नाही. मग घरोघरी केबल आली. एकदा तो केबलवर लागला. शेजारीण धावत सांगायला आली, तशी मी उठले आणि आमचा टीव्ही बंद केला. बाई बघतच राहिली. गंमत म्हणजे ह्यांनीसुद्धा माझीच बाजू घेतली. ‘न्हाई न्हाई, बरोबर हाय तिचं. टीव्हीवर कसली मजा? बघायचा तर मोठ्या पडद्यावरच.’ मला भरून आलं. एवढा समजून घेणारा नवरा कुणाला मिळतो! पुढे मुलाने तोच पिक्चर मोबाइलवर शोधून माझ्यासमोर धरला, तर मी फोन पालथा घातला. तळहाताएवढ्या काचेत ते दुकान, ती घड्याळं आणि ते मांजर मावणार कसं? तेव्हाही हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, ‘नगं रे बाबा, तिचं मन मोडू नगं.’

मधल्या वर्षांत ते गोष्ट मात्र सांगायचे. वीज गेली की, पोरं आजारी पडली की. पहिला भाग अक्षर न् अक्षर तोच. दुसरा भाग जरा हलायचा. कधी त्या गावाला नदी असायची, कधी घाट. एकदा तर शाळा डोंगरावर गेली. मी म्हणायचे, वय झालं तुमचं, विसरताय. शेवटची पाटी तेवढी कधी हलली नाही.

इकडे थिएटरचं काय झालं? आधी बाल्कनी बंद झाली, मग पंखे, मग माणसं. मालकाने लग्नाचा हॉल काढला. तोही चालेना तेव्हा गाड्यांच्या सुट्या भागांचं गोडाऊन झालं. जिथे पडदा होता तिथे आता ट्रक मागे घेतात. रिक्षातून जाताना मी तिकडे बघत नसे. मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आली, पाय पसरायच्या खुर्च्या आल्या. मग लॉकडाऊनमध्ये तीही बंद. लोक घरी बसून सगळं बघायला शिकले आणि जो तो सांगू लागला, आता सिनेमागृहांचं काही खरं नाही. नवे पिक्चर येत, मोठमोठ्या जाहिराती करत आणि सोमवारी दिसेनासे होत. मोठमोठ्या स्टारांचेसुद्धा! मला आतून जरा गुदगुल्याच व्हायच्या, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी वाटायचं, झालं, माझा पिक्चर राहिला तो राहिलाच. सगळ्याच थिएटरांची गोडाऊनं झाली, तर मी ह्यांच्या शेजारी बसणार कुठे?

आणि नवं चालेना, तेव्हा ह्या मंडळींनी जुनं बाहेर काढलं! प्रेमाचे जुने पिक्चर धुऊन-पुसून परत लागू लागले आणि लोक जाऊ लागले. मी रोज पेपर उलटाही करून बघायची. माझा काही येईना.

मागच्या वर्षी एका बुधवारी सुनेबरोबर मॉलमध्ये गेले होते, नातवाचे बूट बघायला. सरकत्या जिन्यावरून वर जाताना सहज मान वळवली, तर भिंतीवरच्या पोस्टरात ती. तीच! हातात घड्याळ, मान किंचित कललेली. मी तिथेच थांबायला गेले आणि जिना संपला. पडता पडता वाचले. सून घाबरली. मी बुटांचं विसरून तशीच तिकिटाच्या काउंटरवर.

तिथला मॅनेजर तरुण, अदबशीर. म्हणाला, ‘आहे ना मॅडम, सकाळी अकराचा शो. उद्या शेवटचा दिवस. पण खरं सांगू का, शुक्रवारपासून एकदाही लागलेला नाही. कोणी बुकच करत नाही. पंधरा-वीस लोक तरी लागतात, नाहीतर शो रद्द.’

‘उद्या गुरुवार,’ मी म्हणाले.

‘हो, वर्किंग डे. उद्याही बहुतेक रद्दच.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांनी पिक्चर माझ्या दारात येतो, दारात थांबतो आणि ह्यांना पंधरा माणसं मिळत नाहीत म्हणून तसाच निघून जातो? ‘कसला वर्किंग डे, हो?’ मी म्हणाले. ‘ह्या गावात गुरुवार म्हणजे काय ते ठाऊक नाही तुम्हाला? शो रद्द करायचा नाही. माणसं मी आणते.’ तो बिचारा ‘हो मॅडम’ म्हणाला. त्याच्याही लहानपणी त्याला कुणीतरी माझ्यासारखी बाई शिकवायला असणार.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांचा चेहरा पडला! मला वाटलं होतं, आनंदाने उड्या मारतील. तर म्हणाले, ‘उद्या? उद्या माझा गुडघा...’

‘गुडघ्याला काय झालंय? सकाळी तर ताडताड स्टेशनापर्यंत जाऊन आलात.’

‘नाही म्हंजी, आता एवढ्या वर्षांनी... तू मनात बघितलाय ना? तसाच ऱ्हाऊ दे की.’

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, ‘आयुष्यभर तुमची गुरुवारची ताटं झाकून ठेवली. रविवारची सगळी लग्नं एकटीने केली. लोक विचारायचे, बाई, तुम्हाला नवरा आहे का? एक गोष्ट मागितली तुमच्याकडे, आणि तुम्ही गुडघा काढता?’ हे उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, ‘चल. माणसं गोळा करू.’

ह्यांची रिटायर झालेली मंडळी अजून गुरुवारी सकाळीच टपरीवर जमतात. कंपनी सुटली, पण सुट्टीचा वार सुटला नाही. त्यांना फोन गेले. माझ्या निवृत्त शिक्षिकांना मी फोन केले, त्यांच्यापाशी ‘बघते’ वगैरे चालू दिलं नाही. ह्यांचे जुने दोस्त आहेत, गॅरेजवाले. त्यांचं गॅरेज आता कुरुळीला, चाकणच्या कंपन्यांतली पोरं खोल्या करून राहतात तिथे. ते म्हणाले, ‘भाभी, फिकीर नको. थर्ड शिफ्टची पोरं सकाळी मोकळीच असतात. पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही म्हणून रडतात. त्यांना सांगतो, एसीत झोपायला चला.’

‘झोपायला?’ मी म्हणाले. ‘माझ्या पिक्चरला?’

शेजारी उभ्या असलेल्या ह्यांना जोरात ठसका लागला. मी पाणी दिलं.

गुरुवारी सकाळी मॉलचं दार उघडायच्या आत आमची वरात दारात! सुती साड्यांतल्या मास्तरणी, टोपीवाले, काठीवाले, गॅरेजवाले आणि त्यांची बेगम डब्यात शिरखुर्मा घेऊन, तो काही दारावरच्या माणसाने आत नेऊ दिला नाही, म्हणून आम्ही तो तिथेच उभ्याउभ्या संपवला. आणि तेवढ्यात दोन टेंपो भरून कुरुळीची पोरं. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी चिपळूणकडचं. डोळे तांबारलेले, कंपनीचे शर्ट तसेच अंगात. मॅनेजर पायऱ्यांवर येऊन बघतच राहिला. मी त्याला म्हणाले, ‘मोजा.’ त्याने नाही मोजलं. हसला आणि म्हणाला, ‘चला मॅडम, शो लागला.’

अहो, जिंकल्यासारखं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याच्या शेजारी थिएटरात बसले. ह्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्यावर मी माझा ठेवला. अंधार झाला, घड्याळं टिकटिकू लागली. ह्यांनी ओट्यावर वाजवली होती तशीच, हुबेहूब. तीच साडी, तेच मांजर. हीरो भिंगातून बघून लाजला तेव्हा मागून कुरुळीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. झोपायला आलेली पोरं! एकाचा डोळा मिटला असेल तर शपथ. दिवसभर मोबाइलवर अंगठ्याने पिक्चर पुढे ढकलणारी ही पोरं, आणि पडद्यावर दोघं नुसती एकमेकांकडे बघत असताना श्वास रोखून बसली होती. थिएटर संपलं म्हणणाऱ्यांना कुणीतरी तिथे आणून बसवायला हवं होतं.

इंटरव्हलनंतर वडील तिला घेऊन दूर गेले. मी खुर्चीत सरसावून बसले. आता शाळा येणार.

शाळा आली नाही. गाव आलं, मोठं घर आलं, दुसऱ्याच कुणाशी तिचं लग्न ठरलं. मी ह्यांच्या कानात म्हणाले, ‘शाळा कधी येते?’ हीरो पोहोचला तो स्टेशनावर, ती गाडीत बसलेली. खिडकीतून त्याने घड्याळ तिच्या हातात दिलं. गाडी हलली. तो फलाटावर उभा, ती लहान लहान होत गेलेली, आणि पडद्यावर अक्षरं. संपला!

सगळीकडे मुसमुसणं चाललं होतं. माझ्याही गालावरून पाणी ओघळत होतं, कारण पिक्चर खरंच तसा होता. पण डोक्यात एकच. मी ह्यांच्याकडे वळले. दिवे लागलेले, आणि हे खाली मान घालून पायाने चपला शोधत होते.

‘शाळा कुठाय?’

ह्यांना दुसरी चप्पल सापडेना.

‘अहो, दुकान कुठाय? पाटी कुठाय?’

‘झोप लागली हुती गं,’ हे म्हणाले. ‘थर्ड शिफ्ट हुती. इंटरव्हलला डोळा लागला तो लायटी लागल्यावरच उघडला.’

आता कळलं सगळं! टवटवीत चेहरा, टीव्हीवर नगं, मोबाइलवर नगं, गुडघा! इतकी वर्षं हा माणूस माझी बाजू घेत होता म्हणे. मी त्या मुसमुसणाऱ्या थिएटरात खो-खो हसत सुटले. एक मास्तरीण दुखावल्या नजरेने बघायला लागली.

‘सरळ सांगायचं ना, झोपलो म्हणून!’

‘सांगनार हुतो. पन तू रविवारपासनं त्वांड फुगवून बसलेली. म्हणलीस, सांगा, पुढं काय झालं. मग म्या सांगत गेलो.’

‘पण शाळा कुठून आणलीत?’

‘तू समोर बसली हुतीस की,’ हे म्हणाले. ‘आन् दुसरं काय सुचनार मला?’

माझं हसू तिथेच थांबलं. रविवारी बंद. गुरुवारच्या सुट्टीवाल्या माणसाने, ओट्यावर बसल्याबसल्या, झोपेतून नुकतंच उठून, माझ्यासाठी एक दुकान उघडलं होतं आणि ते माझ्या सुट्टीला बंद ठेवलं होतं. आणि मी बापडी समजत होते की ते पिक्चरवाल्यांना सुचलंय. तिथेच, सगळ्यांदेखत, मी ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ह्या वयात! ह्यांना कुठे बघावं कळेना.

बाहेर आलो तर पोरं कोंडाळं करून उभी, चेहरे उतरलेले. लातूरचा एक पोरगा नाक पुसत म्हणाला, ‘काकू, असा शेवट असतो का राव? निदान भेटवायचं तरी.’ गॅरेजवाल्यांच्या बेगम डोळे टिपत होत्या. मॅनेजरही येऊन उभा राहिला.

‘थांबा,’ मी म्हणाले. वर्गात म्हणायचे तशी. ‘कुणी हलायचं नाही. हा शेवट खोटा आहे. खरा शेवट ह्यांना येतो.’ आणि ह्यांना हाताला धरून पुढे उभं केलं.

हे लाजले, घसा खाकरला, टोपी नीट केली. मग सुरुवात केली. दूरचं गाव आलं, ह्या वेळी त्याला नदीही होती आणि घाटही होता. शाळा आली. समोर दुकान निघालं. ती रस्ता ओलांडून गेली. पुढच्या शोला आलेली माणसं हातात पॉपकॉर्न घेऊन थांबली. घड्याळ कानाला लागलं, ‘हे तर चालू हाय’ झालं, ‘ठाऊक आहे’ झालं. पोरं पुढे सरकली.

‘आन् शेवटी,’ हे म्हणाले, ‘तो दाराला एक पाटी लावतो.’ आणि एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून गडबडले, अडखळले, माझ्याकडे बघायला लागले.

‘रविवारी बंद!’ मी मागून ओरडले.